फिरत नाही, तरी हिशेबात धरावं लागतं

देवळाली कॅम्पची माणसं तोफेच्या आवाजानं दचकत नाहीत. स्कूल ऑफ आर्टिलरीचं फायरिंग सुरू झालं की तावदानं थरथरतात, नवा पाहुणा चमकून वर बघतो आणि घरातलं माणूस चहा गाळत राहतं. के-नाइन वज्र आणि एम-७७७ या तोफा ९ नोव्हेंबर २०१८ रोजी सैन्यात दाखल झाल्या, त्याही इथेच.

तोफेचा गोळा लांब जातो तो दारूच्या जोरावर. नेमका जातो तो स्वतःभोवती फिरतो म्हणून. हे ज्यानं उभा जन्म शिकवलं, त्याला ‘इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, पण इलेक्ट्रॉन फिरत नाही’ हे वाक्य सांगून पाहावं. पुढचा संवाद तसाच आहे. यातले दोघं काल्पनिक आहेत, त्यांचे आग्रह मात्र खरे आहेत. एक आहेत तोफखान्यातून निवृत्त झालेले, गनरी शिकवलेले सुभेदार. दुसरी त्यांच्या शेजारची मुलगी, नाशिकच्या एका कॉलेजात पदवीच्या वर्गाला क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारी प्राध्यापिका. सुभेदारांचं म्हणणं, ज्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहत नाही ते समजलेलं नसतं. तिचं म्हणणं, चित्राच्या नादी लागल्यामुळेच स्पिन समजत नाही.

गोळा आणि इलेक्ट्रॉन

सुभेदार : आधी माझी बाजू ऐक. एकशे पंचावन्न मिलिमीटरची तोफ घे. नळीच्या आतून पीळदार खाचा असतात. गोळ्याच्या बुडाकडे तांब्याचा पट्टा असतो, तो त्या खाचांत रुततो आणि गोळा पीळ घेतच पुढे सरकतो. वीस कॅलिबरला एक फेरा, म्हणजे ३ मीटर १० सेंटिमीटरला एक. तोंडातून सुटताना वेग सेकंदाला ८०० मीटर धर. कर भागाकार.

प्राध्यापिका : सेकंदाला २५८ फेरे.

सुभेदार : मिनिटाला साडेपंधरा हजार, आणि तेही त्रेचाळीस किलोचं धूड. ही फिरकी नसती तर गोळा हवेत कोलांट्या खात गेला असता. मॉर्टरचा बॉम्ब असा फिरत नाही, म्हणून त्याला मागे पंख लावावे लागतात. आता फिरकीची किंमतही ऐक. मागून बघितलं तर गोळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. त्याची वाट खाली वाकत जाते, हवा नाकाला वर रेटू बघते. पण फिरत्या वस्तूला वर रेटलं की ती वर जात नाही, बाजूला वळते. नाक जरासं उजवीकडे राहतं आणि अख्खा गोळा उजवीकडे सरकत जातो. लांबच्या पल्ल्यावर शेकडो मीटर. फायरिंग टेबलात ड्रिफ्टचा वेगळा रकाना असतो. तेवढे मिल, म्हणजे कोनाची मापं, आधीच डावीकडे लावायचे. ज्यानं लावले नाहीत त्याचा गोळा भलत्याच शेतात. तर असं काही घडायचं म्हणजे काहीतरी फिरलं पाहिजे. तू म्हणतेस, इलेक्ट्रॉनला कोनीय संवेग, म्हणजे फिरकीचा संवेग, आहे आणि तो फिरत नाही. हे कसं काय?

प्राध्यापिका : काका, तुम्ही दारूचा चार्ज कमी घातलात तर काय होतं?

सुभेदार : वेग कमी, म्हणून फेरेही कमी.

प्राध्यापिका : आणि हवेत गेल्यावर?

सुभेदार : हवेच्या घर्षणानं फिरकी हळूहळू मंदावते.

प्राध्यापिका : इलेक्ट्रॉनचं यातलं काहीच होत नाही. तारेतला घ्या, सूर्यातला घ्या, तापवा, गोठवा, स्पिन तेवढाच. प्लांकच्या स्थिरांकाला दोन पायनं भागायचं आणि त्याचं निम्मं करायचं. वाढवता येत नाही, कमी करता येत नाही, थांबवता तर मुळीच येत नाही. तुमच्या गोळ्याचा कोनीय संवेग दोनशेहून थोडा जास्त ज्यूल-सेकंद भरेल. त्याच्या तुलनेत इलेक्ट्रॉनचा इतका लहान, की चारावर छत्तीस शून्यं दिली तर एका गोळ्याची बरोबरी व्हावी. पण खरा फरक लहान-मोठ्याचा नाही. गोळ्याला फिरकी कुणीतरी दिलेली असते. इलेक्ट्रॉनला ती कुणी दिलेली नाही. वस्तुमान आणि विद्युतभार आहेत तशी तीही आहे.

सुभेदार : ‘आहे तशी आहे’ म्हटलं की प्रश्न मिटला?

प्राध्यापिका : नाही. म्हणून तर ज्यांना हे पहिल्यांदा सुचलं, त्यांनीही आधी तुमच्यासारखंच धरलं होतं. १९२५ साली हॉलंडमध्ये लायडनला उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी मांडलं, की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो. त्याआधी काही महिने क्रोनिग नावाच्या आणखी एका तरुणाला हेच सुचलं होतं. पाउलींनी ते उडवून लावलं, म्हणून त्यानं छापलंच नाही.

सुभेदार : बघ, म्हणजे शोधणारेही माझ्या बाजूचे!

प्राध्यापिका : मग लॉरेंट्झनी हिशेब मांडला. त्या काळी इलेक्ट्रॉनची त्रिज्या जेवढी मानत, तेवढ्या गोळीनं एवढा कोनीय संवेग दाखवायचा तर तिच्या पृष्ठभागाला प्रकाशाच्या दीडशेपटीहून जास्त वेगानं फिरावं लागेल. इलेक्ट्रॉन आणखी लहान मानला तर वेग आणखी वाढतो. आजवरच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनला आकारमान सापडलेलंच नाही.

सुभेदार : मग त्या पोरांनी निबंध मागे घेतला असेल.

प्राध्यापिका : घ्यायलाच निघाले होते. त्यांचे गुरू एरेनफेस्ट म्हणाले, की तो आता छापायला गेलाय आणि तुमच्या वयाला एखादा मूर्खपणा खपून जाईल. आज त्या ‘मूर्खपणा’वर अख्खं रसायनशास्त्र उभं आहे.

काचेवरच्या दोन रेघा

सुभेदार : वेग अशक्य निघाला, इतपत पटलं. पण त्यानं एवढंच ठरलं, की इलेक्ट्रॉन म्हणजे फिरती गोळी नाही. मग दिशा कशाची? पोरांच्या अकरावीच्या पुस्तकात चौकोन असतात आणि त्यांत वर-खाली बाण. बाण आहे म्हणजे आस आहे.

प्राध्यापिका : त्या बाणानं फार घोळ घातलाय. फेब्रुवारी १९२२, फ्रँकफुर्ट. स्टर्न आणि गेर्लाख यांनी भट्टीत चांदी तापवली, तिची वाफ बारीक फटीतून सोडली आणि साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या चुंबकामधून नेली. चुंबकाचं एक टोक धारेसारखं, दुसऱ्याला खाच. म्हणजे एका बाजूला क्षेत्र जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. समोर काच. सुरुवातीच्या एका प्रयत्नात काच बाहेर काढली तर तिच्यावर काहीच दिसेना. स्टर्न काच हातात धरून बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चांदीच्या खुणा काळ्या होत उमटू लागल्या.

सुभेदार : कशानं?

प्राध्यापिका : पगार बेताचा, म्हणून ते स्वस्तातली सिगार ओढायचे. तिच्यात गंधक भरपूर. श्वासातल्या गंधकानं चांदीचं काळं सल्फाइड झालं. स्टर्न स्वतःच पुढे ही गोष्ट सांगत. शेवटी काचेवर स्पष्ट उमटलं, की चांदीचा झोत दोन भागांत फुटलाय. अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं. ८ फेब्रुवारीला गेर्लाखनं त्याचा फोटो पोस्टकार्डावर डकवून नील्स बोरना धाडला.

सुभेदार : थांब. भट्टीतून सुटलेल्या अणूंचा कल कुणी लावून दिलेला नाही. कुणी उभा, कुणी आडवा, कुणी तिरका. चुंबक त्यांना कमी-जास्त ओढणार. एकाच लेइंगवर, म्हणजे नळीचा रोख न बदलता, एकाच तोफेतून पन्नास गोळे टाकले तरी ते एका खड्ड्यात पडत नाहीत. मध्ये दाट, कडेला विरळ असा पट्टा पडतो. काचेवर तसाच भरलेला पट्टा यायला हवा. मधला भाग रिकामा कसा?

प्राध्यापिका : पुस्तकात शंभर वेळा वाचूनही विद्यार्थ्याला हा प्रश्न पडत नाही, तो तुम्हाला पडला. मधे काही नाही. तिरका कुणी नाहीच. चुंबक ज्या दिशेला धराल त्या दिशेला विचारा, उत्तर दोनच: पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. आणि गंमत म्हणजे १९२२ मध्ये खुद्द त्या दोघांनाही आपण स्पिन पाहिला हे ठाऊक नव्हतं. ते बोरच्या जुन्या सिद्धांताची परीक्षा घेत होते. या दोन रेघा चांदीच्या सर्वांत बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या आहेत, हे कळायला पुढची पाच वर्षं गेली.

सुभेदार : म्हणजे अणूंत मुळातच दोन जाती असतील. अर्धे वरचे, अर्धे खालचे.

प्राध्यापिका : तपासू. वर गेलेला झोत तेवढा घ्या, खालचा अडवा. आता पुढे दुसरा चुंबक आडवा ठेवा. झोत पुन्हा फुटतो, निम्मा डावीकडे, निम्मा उजवीकडे. त्यातला उजवा घ्या आणि तिसरा चुंबक पहिल्यासारखा उभा ठेवा. जातच ठरलेली असेल तर सगळे वर जायला हवेत. प्रत्यक्षात निम्मे वर, निम्मे खाली.

सुभेदार : मधल्या चुंबकानं धक्का दिला असेल.

प्राध्यापिका : मग मधल्या चुंबकाचे डावे-उजवे झोत, कोण कुठून गेलं याची नोंद न ठेवता, पुन्हा नीट जुळवून एक करा. सगळे पुन्हा वर जातात. धक्क्यानं बिघडलेलं असतं तर नुसतं एकत्र आणून दुरुस्त झालं नसतं. म्हणून मी मुलांना सांगते, बाण कुठे रोखलाय हे विचारू नका. अमुक दिशेला विचारलं तर काय उत्तर येण्याची किती शक्यता, एवढंच विचारा. तेवढं अचूक सांगता येतं.

सुभेदार : असं असेल तर तुझा स्पिन म्हणजे नुसती एक खूण झाली. हो किंवा नाही. कोनीय संवेग वगैरे भारदस्त बोलायचं कशाला?

लोखंडाची कांडी

प्राध्यापिका : इथे मला तुमच्याशी भांडायचंय आणि माझ्या पाठ्यपुस्तकांशीही. पुस्तकं ‘स्पिन म्हणजे प्रत्यक्ष फिरणं नव्हे’ असं म्हणून एक पुंजांक देतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मुलांना वाटतं, ती नुसती खूणच. तसं नाही. १९१५ साली बर्लिनमध्ये आइन्स्टाइन आणि द हास यांनी लोखंडाची एक कांडी बारीक तंतूला टांगून तारेच्या वेटोळ्यात सोडली. वेटोळ्यातल्या प्रवाहाची दिशा उलटी केली की कांडीचं चुंबकत्व उलटतं. आणि चुंबकत्व उलटलं की कांडी स्वतःभोवती वळते. तिला कुणी हात लावलेला नसतो.

सुभेदार : वळते? डोळ्यांना दिसेल अशी?

प्राध्यापिका : एका झटक्याचं वळणं फार सूक्ष्म असतं. म्हणून त्यांनी कांडीच्या स्वतःच्या आंदोलनाच्या ठेक्यावर प्रवाह उलटसुलट केला. छोटे छोटे झटके साठत गेले आणि कांडीवरच्या आरशातून पडलेला प्रकाश मोजता येईल इतका हलला. कांडीच्या आत असंख्य इलेक्ट्रॉनांचे स्पिन पालथे झाले. एकूण कोनीय संवेग बदलता कामा नये. आतला जितका बदलला तितका उलट्या बाजूनं कांडीनं स्वतः फिरून भरून दिला.

सुभेदार : अगं, मग हे माझंच म्हणणं झालं की! लोखंडाला फिरवायचं तर आतलं काहीतरी फिरत असलं पाहिजे.

प्राध्यापिका : निदान हिशेबाच्या वहीत तुमच्या गोळ्याची फिरकी आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन एकाच रकान्यात मांडावे लागतात, हे खरं. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं. प्रकाशालाही हेच लागू. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, स्पिन असल्याचा प्रायोगिक पुरावा रामन आणि भगवंतम यांनी १९३१ मध्ये मांडला. १९३६ मध्ये बेथ यांनी तर नुसत्या प्रकाशानं टांगलेली क्वार्ट्झची चकती वळवून दाखवली.

सुभेदार : आणि ते आइन्स्टाइनचं माप बरोबर आलं होतं?

प्राध्यापिका : त्यातही एक धडा आहे. इलेक्ट्रॉन अणूत चकरा मारतो म्हणून लोखंडात चुंबकत्व येतं, असं ते धरून चालले होते. त्या हिशेबानं जो आकडा यायला हवा, जवळपास तोच त्यांना आला. पुढच्या चार-पाच वर्षांत इतरांनी काळजीपूर्वक मोजलं तर उत्तर त्याच्या निम्मं निघालं: तेवढ्याच कोनीय संवेगाला चुंबकत्व दुप्पट. लोखंडाचं चुंबकत्व कक्षेतल्या चकरांचं नसून बव्हंशी स्पिनचं आहे, याचा तो सुगावा होता.

सुभेदार : अपेक्षित जागी गोळा पडला की कुणी दुसऱ्यांदा मोजत नाही. आमच्याकडेही हेच. पण मूळ मुद्दा सोडू नकोस. ही फिरकी राहते कुठे? गोळी नाही, पृष्ठभाग नाही, तर मग काय आहे?

प्राध्यापिका : वर्गात हे मी फारसं बोलत नाही, पण तुम्हाला सांगते. इलेक्ट्रॉनला डिरॅकच्या समीकरणातली लहर मानलं, तर त्या लहरीत ऊर्जेचा प्रवाह गोल गोल वाहतो. १९३९ मध्ये बेलिनफांते यांनी गणित केलं, आणि १९८६ मध्ये ओहानियन यांनी ते नव्यानं मांडून दाखवलं, की त्या वाहत्या ऊर्जेचा कोनीय संवेग बेरीज करून काढला तर तो बरोबर इलेक्ट्रॉनच्या स्पिनएवढा भरतो. सगळ्यांना हे चित्र आवडतं असं नाही, पण गणित खरं आहे.

सुभेदार : मग ‘फिरत नाही’ हे वाक्यच अर्धवट आहे.

प्राध्यापिका : ‘फिरतं’ हे वाक्यही तितकंच अर्धवट आहे. वस्तू फिरत नाही. लहरीत काहीतरी वाहतं. त्याचा वेग आपण वाढवू-घटवू शकत नाही.

ताटली आणि दोन फेरे

सुभेदार : लहर तर लहर. पण लहरही एक फेरा घेतल्यावर मूळ जागी येणार ना? माझा गोळा एक फेरा झाला की होता तसाच.

प्राध्यापिका : इथे तुमचं चित्र फाटतं, आणि तेही प्रयोगानं. न्यूट्रॉनचा स्पिन इलेक्ट्रॉनएवढाच. १९७५ मध्ये युरोपात राउख यांच्या गटानं आणि अमेरिकेत वर्नर, कोलेला, ओव्हरहाउजर यांच्या गटानं सिलिकॉनच्या स्फटिकानं न्यूट्रॉनचा झोत दोन वाटांत फोडला. एका वाटेवर चुंबकीय क्षेत्र ठेवून न्यूट्रॉनचा स्पिन फिरवला आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या. ३६० अंश फिरवला तर लहर उलट्या चिन्हाची होऊन आली. दुसऱ्या वाटेच्या लहरीशी ती जुळायच्या जागी खोडली गेली. होतं तसं यायला ७२० अंश लागले.

सुभेदार : दोन फेरे मारल्यावर मूळ जागी? हे ऐकायला बरं, बघायचं कसं?

प्राध्यापिका : ही ताटली घ्या तळहातावर. सपाट ठेवा, पडू देऊ नका. आता हात आतल्या बाजूनं, काखेखालून नेत ताटली एक फेरा फिरवा. झाला? ताटली होती तशीच आहे, पण कोपर बघा.

सुभेदार : कोपर आभाळाकडे आणि हात पिळवटलाय. या वयात हे खांद्याला मानवणार नाही.

प्राध्यापिका : सोडू नका. त्याच दिशेनं आणखी एक फेरा, आता डोक्यावरून.

सुभेदार : … सुटला! पीळ गेला. हात सरळ झाला.

प्राध्यापिका : एका फेऱ्यानं ताटली मूळ पदावर आली, पण ताटली आणि खांदा यांच्यातला संबंध आला नाही. तो दोन फेऱ्यांनी आला. अर्ध्या स्पिनचे कण असे वागतात: त्यांची स्थिती नुसती ‘कोणीकडे तोंड’ एवढ्यानं सांगता येत नाही. एका चिन्हाची ही बाब क्षुल्लक वाटते. पण अर्धा स्पिन आणि दोन एकसारख्या इलेक्ट्रॉनांनी एकाच स्थितीत न राहणं, यांची सैद्धांतिक गाठ पाउलींनी १९४० मध्ये बांधली. इलेक्ट्रॉन एकमेकांवर रचून बसू शकत नाहीत म्हणून अणूला आकार आहे आणि तुमची खुर्ची तुम्हाला धरून आहे.

एमआरआय आणि खोडद

सुभेदार : तू माझ्या चित्राची भोकं दाखवतेस, आता ते कुठे चालतं तेही सांग. गेल्या वर्षी नाशिकला माझ्या कमरेचा एमआरआय झाला. तिथला मुलगा म्हणाला, यात शरीरातले प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलतात. माझ्या गोळ्याचं नाक डुलतं तसं. तो खोटं बोलला?

प्राध्यापिका : अजिबात नाही. दीड टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डुलतात, आणि त्याच कंपनाचा रेडिओ संदेश यंत्र ऐकतं. गंमत अशी, की दहा लाख प्रोटॉनांत क्षेत्राच्या बाजूचे फक्त पाचेक जास्त असतात. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. पण शरीरात प्रोटॉन इतके, की त्या पाचांच्या जोरावर मणक्याचं चित्र येतं. आणि असंख्यांची सरासरी घेतली की ती तंतोतंत तुमच्या फिरत्या गोळ्याच्या समीकरणानं चालते. एकट्यादुकट्या कणाला विचारलंत तर मात्र उत्तर वर किंवा खाली, एवढंच.

सुभेदार : म्हणजे पलटणीला चालतं, जवानाला नाही.

प्राध्यापिका : नेमकं. यात आपल्या मुंबईचाही हात आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवलं, की अल्कोहोलातले हायड्रोजन एका सुरात बोलत नाहीत. त्यांच्या जागेप्रमाणे तीन वेगळे संदेश येतात. म्हणजे प्रोटॉनचा स्पिन आपल्या शेजाऱ्यांची बातमी देतो. तेच धर्मट्टी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे या संशोधनाचा पाया घातला.

सुभेदार : आणि जिथे ना यंत्र, ना चुंबक, तिथे? कुणी विचारायला नसलं तर स्पिन गप्प बसतो?

प्राध्यापिका : पुण्याच्या रस्त्यानं नारायणगावला वळलं की खोडद येतं. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्या दुर्बिणीचं एक मोठं काम म्हणजे आकाशातला हायड्रोजन शोधणं. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघांचे स्पिन एका दिशेचे असले तर ऊर्जा किंचित जास्त, उलट असले तर कमी. जास्तीतून कमीत उतरताना अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो, १,४२० मेगाहर्ट्झची.

सुभेदार : त्याला उलटवतं कोण?

प्राध्यापिका : कुणी धक्का नाही दिला तरी तो आपला आपण उलटतो, पण त्याला सरासरी १.१ कोटी वर्षं लागतात. दीर्घिकांत हायड्रोजन इतका आहे, की तरीही त्याचा आवाज पोचतो. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी जीएमआरटीवरून साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वात किती हायड्रोजन होता याचं माप काढलं. तिथे कुणी चौकोनात बाण काढत बसलं नव्हतं.

न लागलेला हिशेब

सुभेदार : आता माझं ऐक. आमच्या फायरिंग टेबलात लिहिलेलं असतं: हा गोळा, हा चार्ज, इथपासून इथपर्यंत पल्ला. त्याच्या बाहेर टेबल वापरायचं नाही. म्हणून टेबल फेकून देत नाही कुणी. तुमच्या पुस्तकात बाणाचं चित्र आहे, पण हद्द छापलेली नाही. चित्र नको म्हणण्यापेक्षा हद्द छाप.

प्राध्यापिका : छापते. भोवऱ्याचं चित्र कोनीय संवेगाचा हिशेब करताना चालतं. असंख्य कणांची सरासरी घेताना चालतं. चुंबकीय क्षेत्रात डुलण्याची गती काढताना चालतं. पृष्ठभागाचा वेग विचारला की चालत नाही. एकट्या कणाचा कल आधीपासून ठरलेला आहे असं धरलं की चालत नाही. पूर्ण फेऱ्याचं काम पडलं तर चालत नाही.

सुभेदार : तीन ठिकाणी चालतं, तीन ठिकाणी नाही. वाईट नाही. तरी मी म्हणेन, चालतं तिथून शिकवायला सुरुवात कर. आधी लोखंडाची कांडी, मग चौकोन आणि बाण.

प्राध्यापिका : आणि मी म्हणेन, कांडी दाखवून त्याच तासाला काचेवरच्या दोन रेघाही दाखवायच्या. नाहीतर पोरं गोळी फिरवत बसतील आणि पुढची सगळी वर्षं ती त्यांच्या डोक्यातून निघणार नाही.

सुभेदार : एवढं जमलं, तर हिशेब सगळा लागला म्हणायचा?

प्राध्यापिका : इलेक्ट्रॉनचा लागला. प्रोटॉनचा नाही.

सुभेदार : का? त्याचाही अर्धाच ना?

प्राध्यापिका : अर्धाच. पण प्रोटॉन तीन क्वार्कांचा बनलेला, आणि प्रत्येक क्वार्कचा स्पिन अर्धा. दोन एका बाजूला, एक उलट, बेरीज अर्धा. फार दिवस सगळे असंच समजत होते. १९८८ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या प्रयोगानं दाखवलं, की क्वार्कांच्या स्पिनचा वाटा फारच थोडा भरतो. आजच्या मापांनी तो साधारण तीस टक्के. उरलेला कुठून येतो? काही ग्लुऑन या कणांच्या स्पिनमधून, काही आतल्या घटकांच्या कक्षेतल्या चकरांतून. कुणाचा वाटा किती, हे अजून मोजणं चालू आहे.

सुभेदार : म्हणजे प्रोटॉनच्या आत काहीतरी खरोखरच चकरा मारतंय!

प्राध्यापिका : हो, तिथे तुमच्या अर्थानंही. आणि यातच माझं उत्तर आहे. स्पिन नुसती खूण असती, तर तीस टक्के भरले काय किंवा शंभर, कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं. पण तो लोखंडाच्या कांडीला वळवणारा खराखुरा कोनीय संवेग आहे. त्यातला एक अंशही वाऱ्यावर सोडता येत नाही. म्हणूनच उरलेले सत्तर टक्के जगभरची माणसं इतकी वर्षं शोधतायत.

सुभेदार : मग शोधा. पण एक टेबल माझ्याकडे धाडा. ड्रिफ्टचा रकाना मी तपासून देईन.